पांढरं पाणी : कुणी विचारलं, कुणी पाहिलं?

साकीनाक्याच्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार कधीच पहिली येत नाही. आधी कंबरदुखी येते, मग पिंडऱ्यांचे गोळे, मग "मॅडम, जरा ताकदीच्या गोळ्या लिहून द्या." कागद हातात घेऊन बाई उठते, पडद्यापर्यंत जाते, बाहेर बाकावर कोण बसलंय ते बघते आणि परत येऊन आवाज खाली करून सांगते, "अंगावर जातं हो." खैरानी रोडच्या कारखान्यात पॅकिंग करणारी उत्तर प्रदेशची बाई "सफेद पानी" म्हणते, जरीमरीत राहणारी मराठवाड्यातली "पांढरं जातं" म्हणते, विदर्भातली एखादी "धुपणी" म्हणते. शब्द वेगवेगळे, पण दबलेला आवाज सगळ्यांचा सारखा.

"किती दिवसांपासून?" असं विचारलं की उत्तर दिवसांत येत नाही, वर्षांत येतं.

या तक्रारीवर कोणती गोळी, कोणती क्रीम, हे मोबाइलवर कुठेही वाचायला मिळतं. आज मला तिचा इतिहास सांगायचा आहे. कारण आपण आज ज्या चुका करतो, म्हणजे न तपासता औषध घेणं, न विचारता औषध देणं आणि सगळ्यात भयंकर म्हणजे यासाठी पिशवी काढून टाकणं, त्या का होतात हे या इतिहासातून समजतं. आणि त्यातलं एक मोठं प्रकरण आपल्या महाराष्ट्रातच घडलेलं आहे.

त्याआधी एक खुलासा. योनीतून स्राव होणं हा आजार नव्हे. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत तो प्रत्येकीला होतो. दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटण्याच्या सुमारास, तो अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पातळ आणि तार सुटणारा होतो. गरोदरपणात वाढतो. कपड्यावर वाळला की पिवळसर डाग पडतो आणि तो डाग बघून कितीतरी मुली घाबरतात. खाज नाही, जळजळ नाही, घाण वास नाही, रंगात बदल नाही, तर हा स्राव म्हणजे शरीराची रोजची झाडलोट समजा. त्याने हाडं झिजत नाहीत, रक्त आटत नाही. "शरीराचा अर्क निघून जातोय" ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि अशक्तपणाशी तिची गाठ घट्ट बसलेली आहे. अशक्तपणा खरा असतो, पण बहुतेक वेळा तो रक्त कमी असल्यामुळे असतो.

आपल्या जुन्या वैद्यांनी या भागातल्या आजारांकडे दुर्लक्ष केलं असं मात्र म्हणता येत नाही. चरकसंहितेत योनीच्या विकारांचे, योनिव्यापदांचे, वीस प्रकार सांगितले आहेत. स्राव, खाज, दाह, दुर्गंध ही लक्षणं त्यांत येतात. पण लक्षणामागे नेमकं काय आहे हे डोळ्यांनी दिसायला सूक्ष्मदर्शक यावा लागला.

काचेवरचा थेंब

१८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेद दॉने नावाच्या डॉक्टरने एक साधी गोष्ट केली. स्राव होणाऱ्या स्त्रियांचा ताजा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्या थेंबात शेपट्या हलवत फिरणारा एक जीव त्याला दिसला. आज आपण त्याला ट्रायकोमोनास म्हणतो. पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, खाज आणि लघवीला जळजळ अशी लक्षणं तो करतो आणि शरीरसंबंधातून पसरतो. तो दिसला १८३६ मध्ये, पण पोटातून घेऊन त्याला मारणारं खात्रीचं औषध, मेट्रोनिडाझोल, फ्रान्समध्येच वापरात आलं ते १९५९ मध्ये. मधली सव्वाशे वर्षं बायकांनी धुण्या आणि लेप यांवर काढली.

दुसरा महत्त्वाचा टप्पा १८९२ चा. जर्मनीत आल्बेर्ट डोडरलाइन यांनी योनीस्रावावर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिलं की निरोगी योनीत जंतू असतातच, आणि ते चांगले असतात. हे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू, म्हणजे आपल्या विरजणातल्या जंतूंचे भाऊबंद. ते तिथली आम्लता टिकवतात आणि त्या आंबटपणात बाहेरचे जंतू तग धरत नाहीत. हे एकदा समजलं की "आतून स्वच्छ धुवायचं" ही सवय किती घातक आहे ते कळतं. साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश आत गेला की विरजण नासतं आणि मग जे वाढतं ते वाढतं. (दही मात्र खायचं. लावायचं नाही. हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं.)

कॅन्डिडा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, तुम्हाला बहुधा माहीत असेल: दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि झोप उडवणारी खाज. मधुमेह असलेल्यांना, गरोदरपणात, प्रतिजैविकांचा कोर्स झाल्यावर तो जास्त होतो. त्याच्यावरचं पहिलं नीट लागू पडणारं प्रतिजैविक, निस्टॅटिन, अमेरिकेतल्या दोन बायकांनी १९५० मध्ये जाहीर केलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्कला आणि रेचेल ब्राउन ऑल्बनीला असत, आणि मातीचे नमुने त्या एकमेकींना टपालाने पाठवत. औषधाला नावही न्यूयॉर्क राज्यावरून दिलं.

तिसरा आणि सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार ओळखायला सगळ्यात उशीर लागला. पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास, खाज फारशी नाही. १९५५ मध्ये ह्यूस्टनचे गार्डनर आणि ड्यूक्स यांनी यामागचा जंतू सापडल्याचं सांगितलं. सिद्ध करायला त्यांनी निरोगी स्त्रियांच्या योनीत तो जंतू सोडला. तेरापैकी एकीलाच त्रास झाला. मग आजारी बाईचा अख्खा स्रावच दुसऱ्या पंधराजणींना लावला, तर अकराजणी आजारी पडल्या. आज असा प्रयोग करायला कुठलीही समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली, जी त्या दोघांच्या दाव्याच्या उलट होती: हा एका जंतूचा आजार नाही. चांगल्या जंतूंची वस्ती उठते आणि इतर अनेक जंतू तिथे ठाण मांडतात. आज त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात.

कुणाला दाखवायचं?

हे सगळं प्रयोगशाळेत चाललं होतं. इकडे मुंबईत प्रश्न याहून प्राथमिक होता. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही आणि बाई डॉक्टर नाही. १८८३ मध्ये एडिथ पीची ही इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली ती याच कारणासाठी. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बायका आणि मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या.

त्यानंतर शंभर वर्षं लोटली. स्वातंत्र्य आलं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, बाई डॉक्टर आल्या, नर्स आल्या. पण सरकारी आरोग्यसेवेला बाई दोनच वेळी दिसायची: बाळंतपणाला आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला. मधल्या काळात तिला काय होतं हे तिला कुणी विचारत नव्हतं.

ते विचारलं गडचिरोलीत. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी घरोघरच्या बायकांची तपासणी केली. हे लक्षात घ्या की दवाखान्यात आलेल्या बायकांची ही तपासणी नव्हती. दवाखान्यात आजारीच येतात, त्यावरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. इथे त्रास असलेल्या, नसलेल्या, लग्न झालेल्या, न झालेल्या अशा ६५० जणी होत्या. प्रश्न विचारले, तपासलं, स्रावाचे नमुने प्रयोगशाळेत पाहिले. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले.

९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा एक तरी आजार होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार. यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि आजवर स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार किती जणींना मिळाले होते? ८ टक्के.

मला या अभ्यासातला वेगळाच आकडा जास्त अस्वस्थ करतो. ६५० पैकी ४५ टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती. म्हणजे आजार होता, पण बाई म्हणत होती की मला काही होत नाही. ती खोटं बोलत नव्हती. आईला असंच जायचं, सासूला असंच जातं, जावेलाही जातं. जे सगळ्यांनाच होतं ते बाईपणाचा भाग होऊन बसतं, त्याची तक्रार कुणाकडे करायची? अंगावर काढणं हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो!

या अभ्यासाचे पडसाद दूरवर उमटले. बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे, हे म्हणणाऱ्या जगभरच्या लोकांच्या हाती आकडे आले. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याचा विचार मान्य झाला आणि भारत सरकारने १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात जननमार्गाच्या संसर्गांचा उपचारही आला.

हिरवं पाकीट

आता अडचण अशी की गावोगाव सूक्ष्मदर्शक आणि ते वापरणारा माणूस कुठून आणायचा? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणांवरून उपचाराची पद्धत पुढे आणली. स्राव आहे ना, मग स्राव करणारे जे नेहमीचे आजार, त्या सगळ्यांचं औषध एकदम द्या. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने त्यासाठी रंगीत किट केली. योनीस्रावासाठीचं किट हिरवं: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकाच वेळी. सरकारी रुग्णालयांच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये ते फुकट मिळतं.

मी या पद्धतीला नावं ठेवणार नाही. जिथे काहीच नव्हतं तिथे हिने लाखो बायकांना औषध मिळालं. पण ती उभी आहे एका गृहीतावर: स्रावाची तक्रार म्हणजे संसर्ग, आणि तक्रार नाही म्हणजे संसर्ग नाही. यातला दुसरा भाग गडचिरोलीने आधीच खोटा ठरवला होता. पहिला भाग गोव्यात कोसळला.

२००१ ते २००३ या काळात गोव्यातल्या हळदोणे परिसरात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ४५ वयाच्या २४९४ स्त्रियांचा अभ्यास केला. डॉ. पटेल मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे नेहमीच्या प्रश्नांबरोबर मनाचे प्रश्नही विचारले गेले. सुमारे १४ ते १५ टक्के बायकांनी स्रावाची तक्रार सांगितली. तपासणीत संसर्ग सुमारे २८ टक्क्यांना निघाला, पण त्यातला बहुतेक आतल्याच जंतूंचा तोल गेल्यामुळे झालेला. शरीरसंबंधातून पसरणारे आजार फार थोडे. आणि तक्रार करणाऱ्या व संसर्ग असणाऱ्या या दोन टोळ्या पुष्कळशा वेगळ्याच होत्या. स्रावाच्या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा जास्त घट्ट होतं ते थकवा, अंगदुखी, चिंता आणि उदासीशी. मुंबईच्या एका गरीब वस्तीतल्या अभ्यासातही, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, 'सफेद पानी' आणि 'टेन्शन' अशीच हातात हात घालून आढळली.

याचा अर्थ "बाईच्या मनाचे खेळ" असा कुणी काढू नये. अर्थ असा की आपल्या समाजात बाईला "मला झोप येत नाही, नवरा मारतो, जीव घाबरतो" असं सांगायची सोय नाही. "पांढरं जातं" हे सांगायची निदान थोडी तरी सोय आहे. ती दाराशी जाऊन परत येते तेव्हा नेमकं काय सांगायला परत आली आहे, हे किटच्या रंगावरून कळत नाही.

पिशवी

न विचारता, न पाहता उपचार केला की गोष्ट कुठपर्यंत जाते ते २०१९ मध्ये आपण बीडमध्ये पाहिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांची संख्या विलक्षण आहे अशा बातम्या आल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी तरुण होत्या. अनेकींची मूळ तक्रार काय होती? पोटात दुखतं, पाळीचा त्रास, पांढरं जातं. पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार, आणि "कॅन्सर होईल" या एका वाक्यावर कर्ज काढून ऑपरेशन! आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, म्हणून बाईलाही वाटायचं की कटकट एकदाची संपली तर बरं.

स्राव हे कॅन्सरचं लक्षण असू शकतं का? असू शकतं. रक्तमिश्रित, फार दुर्गंधी येणारा स्राव, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा काही जाणं, यातलं काहीही असेल तर लगेच तपासून घ्या. पण त्याचा मार्ग गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी हा आहे. ती साधी असते, थोड्या मिनिटांत होते, सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांतही होते. तपासणीविना, फक्त पांढऱ्या पाण्यासाठी पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कागदावर अंगठा किंवा सही करू नका.

टेबलावर काय होतं

तपासणीला बायका फार घाबरतात, म्हणून सांगते. स्राव कसा आहे ते पाहतो. आम्लता बघणारी कागदाची पट्टी लावतो, आकडा ४.५ च्या वर गेला तर बुरशी असण्याची शक्यता कमी, बाकीचे दोन जास्त. काचेवर थेंब घेऊन पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब टाकतो. मासळीचा वास उसळला तर व्हजायनोसिस. उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, दॉनेने पाहिला तसाच. या चार खुणांपैकी तीन जुळल्या की निदान करायचं, हा नियम १९८३ मध्ये ॲम्सेल आणि सहकाऱ्यांनी घालून दिला आणि आजही तोच वापरतो. लग्न न झालेल्या मुलीची आतून तपासणी करायची गरज सहसा नसते. नमुना बाहेरच्या बाहेर घेता येतो.

औषध त्यानंतर ठरतं. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध द्यावंच लागतं, नाहीतर महिन्याभरात बाई परत दारात. गरोदर असाल किंवा शंका असेल तर ते आधी सांगा. फ्लुकोनाझोलची गोळी गरोदरपणात चालत नाही, त्याऐवजी आत ठेवायच्या गोळ्या असतात. ओटीपोटात दुखून ताप असेल तर वाट बघू नका. आणि मेडिकलवाल्याकडून "सफेद पानी की दवा" म्हणून सुट्या गोळ्या घेणं बंद करा. तो तीन आजारांपैकी एकावर निशाणा लावतो, तोही डोळे मिटून.

व्हजायनोसिस पुन्हापुन्हा का होतो, हा प्रश्न मात्र गार्डनरपासून आजवर सगळ्यांना छळत आला. नवऱ्याला औषध देऊन उपयोग नाही असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं होतं. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ते खोडून काढलं. ज्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, त्यांच्यात तीन महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के. फक्त बाईला औषध दिलं तिथे सुमारे ६३ टक्के. फरक इतका दिसला की चाचणी मध्येच थांबवली.

हे वाचल्यापासून मी वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना नवऱ्याला घेऊन यायला सांगते. पहिल्या दोघी परत आल्याच नाहीत. तिसरी आली, शनिवारी रात्री साडेनऊला, कारखाना सुटल्यावर. नवरा बाहेर बाकावर बसला होता, मान खाली घालून. मी त्याला आत बोलावलं तेव्हा त्याने आधी पडद्याबाहेर कोण बसलंय ते पाहिलं.